शनवाऱ्यावर निशाण कोणाचं?

बऱ्हाणपुरात शनवारा दरवाज्याशी उभं राहून मान वर करायची सोय नाही. रिक्षा, दुचाक्या, केळीची गाडी, शाळा सुटलेली पोरं, सगळी एकाच वेळी अंगावर येतात. पण क्षणभर बाजूला सरून दरवाज्याच्या माथ्याकडे पाहावं आणि विचारावं, गेल्या तीनशे वर्षांत इथे निशाणं कोणाकोणाची लागली असतील? यादी लांबेल. मोगलांचा सुभेदार, आसफजाह, पेशवे, शिंदे, मधेच काही दिवस इंग्रज, पुन्हा शिंदे, पुन्हा इंग्रज. आता प्रश्न थोडा बदलून विचारू. या सगळ्यांत बऱ्हाणपूरचं स्वतःचं निशाण कोणतं होतं?

एकही नाही. आलं-गेलं ते निशाण राज्यकर्त्याचं होतं. गाव त्याच्या ताब्यात आहे एवढंच ते सांगायचं. गाव कसं आहे, त्याचं पोट कशावर चालतं, त्याला कशाचा अभिमान वाटतो, याचा त्यात पत्ताच नसे. युरोपातल्या एखाद्या जुन्या गावात गेलं तर नगरभवनावर गावाचा झेंडा असतो, गटाराच्या झाकणावर गावाचं चिन्ह असतं आणि शाळेतलं पोर त्या चिन्हातल्या किल्ल्याची किंवा माशाची गोष्ट सांगू शकतं. आपल्याकडे नगरपालिकेचं चिन्ह पाण्याच्या टँकरवर आणि घरपट्टीच्या पावतीवर असतं. त्यात काय काढलंय, हे पावती देणारा कारकूनही सांगू शकेलच असं नाही. झेंडा तर सहसा नसतोच.

आधी निशाणांचीच हजेरी घेऊ, कारण बऱ्हाणपूरइतक्या निशाणांखालून गेलेली गावं थोडी.

गाव वसवलं खानदेशच्या फारुकी सुलतानांनी, इसवी सन १४०० च्या आसपास. नाव दिलं खुलदाबादच्या सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं. तापीच्या पलीकडच्या काठाला दुसऱ्या संताच्या, झैनुद्दीनच्या, नावाने झैनाबाद वसलं. दोनशे वर्षांनी अकबर आला. बऱ्हाणपूर हाती पडलं, पण असीरगड महिनोन्‌महिने झुंजला आणि १६०१ च्या जानेवारीत पडला. त्या विजयाची म्हणून अकबराची एक सोन्याची मोहोर ओळखली जाते. एका बाजूला फुलापानांच्या नक्षीत उभा ससाणा, दुसऱ्या बाजूला इलाही सन ४५ आणि टांकसाळीचं नाव असीर. मोगल नाण्यांवर बहुतेक अक्षरंच असायची, त्यामुळे हा पक्षी उठून दिसतो. शिकारी पक्षी आणि डोंगरावरचा किल्ला, अर्थ लावायला पंडित नको. मात्र तो ससाणा असीरचा नव्हे, असीर घेणाऱ्याचा आहे.

शनवारा दरवाजा ज्या तटाचा, तो तट त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १७३१ मध्ये, उभा राहिला. दख्खनचा सुभेदार निजामुल्मुल्क आसफजाह याच्या अमलात विटांचा तट, बुरूज आणि नऊ दरवाजे झाले. शनवारा, इतवारा अशी वारांची नावं ऐकून पुणेकराला पेठांची आठवण होईल. तटाच्या आत आलेली जागा जेमतेम सव्वा चौरस मैल होती. शहाजहानच्या काळातलं बऱ्हाणपूर याहून कितीतरी मोठं होतं. म्हणजे तट बांधला तेव्हा शहर वाढत नव्हतं, आकसत होतं.

या आसफजाहाच्या घराण्याचं निशाण मोठं गमतीचं आहे. पिवळ्या कापडावर मधोमध एक गोल. लोक त्याला कुलचा म्हणत, म्हणजे भाजलेली रोटी. आख्यायिका अशी की दख्खनला निघालेला निजाम औरंगाबादच्या निजामुद्दीन नावाच्या सूफीकडे गेला, भुकेला होता, फकिराने पुढे केलेले सात कुलचे त्याने खाल्ले, आणि तुझ्या सात पिढ्या राज्य करतील असा आशीर्वाद मिळाला. हैदराबादचे निजाम सातच झाले, हे खरं. पण पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे गादीवर बसलेले नासिरजंग, मुजफ्फरजंग आणि सलाबतजंग हे तिघे त्या मोजणीत सहसा धरत नाहीत. धरले तर कुलचे दहा होतात! चिन्हांच्या गोष्टी बहुधा अशाच जुळतात. आधी चिन्ह असतं, मग घटना घडतात, आणि मग गोष्ट त्यांना बेतून शिवली जाते. त्यामुळे गोष्ट खोटी ठरली तरी चिन्ह खोटं ठरत नाही. राज्य तलवारीवर उभं असूनही निशाणावर भाकरी मिरवावीशी वाटली, एवढी माहिती त्यातून पक्की मिळते. आसफजाह १७४८ मध्ये बऱ्हाणपूरलाच वारला आणि त्याची कबर खुलदाबादला आहे, ती बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्याच दर्ग्याच्या आवारात. ज्या संताच्या नावाचं गाव, त्याच्या पायाशी त्या गावाचा तट बांधणारा निजला आहे.

मोजणीतून वगळलेल्या सलाबतजंगाच्याच काळात, १७६० मध्ये, उदगीरला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला आणि तहात बऱ्हाणपूर व असीरगड पेशव्यांकडे आले. इथून पुढे भगवा. मराठी फौजेचं मानाचं निशाण जरीपटका, भगव्या कापडाला जरीचं काम. तो ज्याच्या हाती दिला, त्याच्याकडे मोहिमेची सूत्रं. बऱ्हाणपूरच्या माणसाला जरीचं कौतुक नवं नव्हतं, गावाचा तो धंदाच होता. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पातळ पत्रा चढवायचा, मग ती कांब भोकं पाडलेल्या पोलादी पट्टीतून ओढायची, एका भोकातून दुसऱ्या लहान भोकात, त्यातून आणखी लहान. शेवटी केसासारखी तार निघते आणि इतकी ओढूनही सोनं तिला सोडत नाही. ती तार ठोकून चपटी करायची आणि रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायची, की कलाबतू तयार. सतराव्या शतकात आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये लिहून गेला आहे की इथली झिरझिरीत मलमल आणि सोन्यारुप्याच्या फुलांची वस्त्रं इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड आणि कैरोपर्यंत जातात. इतक्या दरबारांना झगमगाट पुरवणाऱ्या गावाला स्वतःसाठी हातभर निशाण विणावंसं वाटलं नाही.

१७७८ च्या सुमारास बऱ्हाणपूर शिंद्यांकडे गेलं. शिंद्यांचं चिन्ह म्हणजे सूर्य आणि त्याच्या दोन बाजूंना फणा काढलेले दोन नाग. गोष्ट ठरलेली: पूर्वज उन्हात झोपला होता, नागाने फणा उभारून सावली धरली. नेमकी हीच गोष्ट मल्हारराव होळकरांचीही सांगतात. मामाच्या गावी, खानदेशातल्या तळोद्याला, मेंढरं राखताना पोरगं झोपलं आणि नागाने सावली केली. हिंदुस्थानात इतक्या राजांवर नागांनी सावली धरली आहे की नागांना दुसरं काही काम होतं की नाही असं वाटावं. पण थट्टा बाजूला ठेवली तर खुबी दिसते. शिंदे आणि होळकर दोघेही साध्या घरातून वर आलेले. वंशावळ दाखवून राज्य मागायची सोय नव्हती. अशा वेळी नागाची साक्ष कामाला येते.

१८०३ च्या ऑक्टोबरात इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनने बऱ्हाणपूर आणि पाठोपाठ असीरगड घेतला. वर्ष संपता संपता सुर्जी-अंजनगावच्या तहाने दोन्ही शिंद्यांना परत मिळाले. १८६० च्या सुमारास गाव कायमचं इंग्रजांकडे गेलं आणि १८६९ मध्ये तिथे नगरपालिका आली. पाणी, दिवाबत्ती, झाडलोट या कामांसाठी गाव म्हणून गावाची एक संस्था झाली, आणि संस्था म्हटली की कागद आणि कागद म्हटला की शिक्का आलाच.

म्हणून गावाला चिन्ह ही कल्पना साहेबाने आणली, असं म्हणायचा मोह होतो. ते तितकंसं खरं नाही. बऱ्हाणपूरच्या उत्तरेलाच, माळव्यात आणि सागरकडे, इसवी सनापूर्वीच्या शतकांत गावांची स्वतःची नाणी होती. राजाचं नाव नाही, चेहरा नाही, ब्राह्मी अक्षरांत गावाचं नाव: उज्जयिनी, त्रिपुरी, एरण. एरणच्या चौकोनी तांब्याच्या तुकड्यावर खालच्या कडेला नागमोडी रेघा आणि त्यांत मासे असतात. ती गावाला वळसा घालून जाणारी बीना नदी. उज्जैनची खूण तर इतकी गाजली की नाणेशास्त्रात तिला नावच पडलं, उज्जैन चिन्ह. एक अधिकाची खूण आणि तिच्या चारही टोकांना एकेक गोल. पुढे सातवाहनांनीही आपल्या नाण्यांवर ती घेतली. रस्ते चारी दिशांना जातात आणि इथे एकत्र येतात असा तिचा अर्थ काही जण लावतात. अर्थ काहीही असो, बोटाने धुळीत काढता येईल इतकी ती सोपी आहे, आणि दोन हजार वर्षांनीही ओळखू येते.

याहून नवलाची आहे पेशावरजवळच्या पुष्कलावतीची नगरदेवता. ब्रिटिश म्युझियममध्ये एक सोन्याचं नाणं आहे. त्यावर हातात कमळ घेतलेली देवी, शेजारी खरोष्ठीत तिचं नाव, पुष्कलावतीची देवता. दुसऱ्या बाजूला वशिंडाचा बैल, त्याच्यावर ग्रीक अक्षरांत एकदा बैल आणि खाली खरोष्ठीत पुन्हा बैल. देवीच्या डोक्यावर मुकुट आहे तो तटबंदीच्या आकाराचा. ही कल्पना ग्रीकांची. त्यांच्या प्रत्येक नगराची एक भाग्यदेवता असे आणि गावाचा तट तिच्या डोक्यावर मुकुट होऊन बसे. कमळ आपलं, मुकुट त्यांचा, बैल दोघांचा. सरहद्दीवरच्या व्यापारी गावाने आपली ओळख अशी दोन भाषांत लिहून ठेवली.

मग हे सगळं गेलं कुठे? मोठी राज्यं आली तशी नाणी पाडायचा हक्क गावांच्या हातून गेला आणि नाण्याबरोबर खूणही गेली. मोगलांच्या काळात बऱ्हाणपूरला टांकसाळ होती, रुपयावर बऱ्हाणपूरचं नाव येई, पण ते कुठे पाडलं एवढं सांगण्यापुरतं. मान बादशहाच्या नावाला. मराठी राज्यातही शिक्का होता तो छत्रपतींचा, पेशव्यांचा, सरदारांचा. बादशहाने दिलेली माहीमरातब, म्हणजे सोनेरी माशाचं निशाण, मिरवायचं ते सरदाराने. १७९२ मध्ये महादजी शिंद्यांनी पुण्यात सवाई माधवरावांना वकील-इ-मुतलकीची वस्त्रं अर्पण केली, तेव्हाच्या मानचिन्हांतही ती होती. मासा पुण्याच्या नदीतला नव्हता, दिल्लीहून आला होता.

तटबंदीचा तो मुकुट मात्र युरोपात टिकला, आणि फिरून आपल्या दाराशी आला तो गोव्यात. पोर्तुगीजांनी चिन्हांचं शास्त्रच केलं होतं. १९३० च्या त्यांच्या नियमांप्रमाणे नगरपालिकेच्या ढालीवर तटाचा मुकुट हवा. लहान शहर असेल तर चार बुरूज, मोठं असेल तर पाच, चांदीचे. राजधानीचा मुकुट सोन्याचा. नुसते बुरूज मोजले की गावाचा दर्जा कळावा. वसाहतींच्या नगरपालिकांनाही हाच साचा लागू होता. गोव्याची जुनी खूण होती सेंट कॅथरीनचं चाक. अलेक्झांड्रियाच्या या संतिणीला काटेरी चाकावर मारायचं ठरलं, तिचा स्पर्श होताच चाक मोडलं, मग तलवारीने शिरच्छेद झाला, अशी तिची कथा. ती गोव्याच्या वाट्याला का आली? अफोन्सो द अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला तो दिवस २५ नोव्हेंबर १५१०, म्हणजे कॅथरीनचा सण. जुन्या गोव्याचं से कॅथेड्रलही तिलाच वाहिलेलं आहे. १९३५ मध्ये पोर्तुगीज भारताचं चिन्ह नव्याने ठरलं तेव्हाही ढालीवर हे सोनेरी चाक होतं आणि तळाशी हिरव्या लाटा. त्या लाटा मात्र सगळ्याच पोर्तुगीज वसाहतींच्या ढालींवर सारख्या होत्या.

गोव्याचं चाक देखणं आहे आणि चिन्ह म्हणून पक्कं आहे. लांबून ओळखू येतं, काढायला सोपं, मागे गोष्टही आहे. पण ती गोष्ट गोव्याची नाही, गोवा जिंकल्याच्या तारखेची आहे. असीरच्या ससाण्याचीच ही भावकी. मांडवी, माड, भात, मासळी यांतलं त्यात काही नाही.

इंग्रजांनी आपल्या पद्धतीने हाच खेळ संस्थानिकांशी खेळला. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत लॉर्ड लिटनने दरबार भरवला आणि व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर केलं. जमलेल्या राजांना एकेक रेशमी निशाण बहाल झालं. त्यावर युरोपी थाटाची ढाल, दोन बाजूंना आधाराला प्राणी, खाली फितीवर बोधवाक्य. बंगालच्या मुलकी सेवेतल्या रॉबर्ट टेलरने ही कुलचिन्हं रचली. निशाणांचं काम पाहिलं जॉन लॉकवुड किपलिंगने. हा आधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षक होता, क्रॉफर्ड मार्केटवरची शिल्पं त्याची, आणि रुडयार्ड त्याचा मुलगा. ही निशाणं एवढी जड झाली की ती पेलताना माणसांची तारांबळ उडाली. ज्या घराण्यांना नागाची किंवा खंडोबाची खूण पुरत होती, त्यांना ढालीच्या चौकटीत बसवलं गेलं.

तरी त्या चौकटीत मराठी घराण्यांनी आपलं बरंच काही शिरवलं. बडोद्याच्या गायकवाडांचं ब्रीद ‘जीन घर, जीन तख्त’. घोड्याचं खोगीर हेच घर आणि तेच सिंहासन. चार शब्दांत अठरावं शतक उभं राहतं. होळकरांच्या चिन्हात सूर्य आहे, तो मल्हारी मार्तंडाचा. एका बाजूला घोडा, तो खंडोबाचा. दुसऱ्या बाजूला नंदी. भाला आणि तलवार आहेत, छत्र आहे, आणि गव्हाच्या लोंब्यांशेजारी चक्क अफूचं बोंड आहे. माळव्याची अफू मुंबईवरून चीनला जायची आणि तिच्यावर राज्याची तिजोरी भरायची. हल्लीच्या कुठल्या महापालिकेच्या बोधचिन्हात तिथल्या महसुलाचं इतकं प्रामाणिक चित्र सापडेल? गहू सगळेच काढतात.

प्रामाणिकपणात होळकरांच्या तोडीला एकच आठवते, जुनी कलकत्ता नगरपालिका. १८९६ मध्ये मिळालेल्या तिच्या चिन्हात ढालीला आधार देणारे दोन पक्षी होते हाडगिले, चोचीत साप धरलेले. हाडगिला म्हणजे टकला, लांब मानेचा, मेलेली जनावरं आणि उकिरडा साफ करणारा करकोच्याच्या जातीचा मोठा पक्षी. एकोणिसाव्या शतकातल्या कलकत्त्याच्या गच्च्यांवर तो रांगेने बसलेला असे. शहर साफ ठेवण्याचं काम पालिका करत होती तितकंच तोही करत होता. एरवी सिंह, गरुड यांच्याशिवाय कोणाला ढालीपाशी उभं राहू देत नाहीत, तिथे सफाई कामगाराला मान मिळाला. शहराचं चिन्ह असावं तर असं.

मुंबईने वेगळा सूर लावला. उर्ब्स प्रीमा इन इंडिस, म्हणजे हिंदुस्थानातलं पहिलं नगर, अशी लॅटिनमधली ऐट. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने बांधलेल्या आणि १८९३ मध्ये खुल्या झालेल्या महापालिकेच्या इमारतीवर या ब्रीदाची पंखवाली मूर्तीच बसवलेली आहे. समोरच्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या फाटकावर एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ, एक इंग्लंडचा, एक हिंदुस्थानचा. लॅटिन जाऊन आता ‘यतो धर्मस्ततो जयः’ आहे. पुणे महापालिकेचं ब्रीद ‘वरं जनहितं ध्येयम्’. दोन्ही वाक्यांत खोट काढायला जागा नाही, पण ही ब्रीदं अदलाबदल करून लावली तर कोणत्या नागरिकाच्या लक्षात येईल? ‘जीन घर, जीन तख्त’ मात्र हलवता येत नाही. तसं संस्कृत चालतं तिथे उत्तमच चालतं. महाराष्ट्राच्या राजमुद्रेवरचा मजकूर शिवरायांच्या मुद्रेवरूनच घेतलेला आहे, म्हणून तो परका वाटत नाही. मध्य प्रदेशाच्या राजचिन्हात वडाचं झाड आहे, कडेला स्तूपाच्या आकाराची महिरप आहे, गहू आणि भाताच्या लोंब्या आहेत. तिथेही सांची आठवते.

आपल्या नगरपालिकांची बोधचिन्हं मात्र बहुतेक एकाच दुकानात शिवल्यासारखी दिसतात. वर्तुळ, त्यात दंतचक्र, गव्हाची लोंबी, उगवता सूर्य, वाहती नदी, एखादी कमान, गोलाकार अक्षरं आणि स्थापनेचं साल. एकही गोष्ट वगळायचं धाडस नाही. मुद्रेवर हे एक वेळ चालतं, कारण मुद्रा वीतभर अंतरावरून पाहायची असते. झेंडा शंभर फुटांवरून, वाऱ्यात फडफडताना ओळखायचा असतो. तिथे बारीक अक्षरं म्हणजे नुसता डाग. मध्ययुगीन युरोपात ढालींच्या रंगांचा एक नियम होता: सोनं आणि चांदी, म्हणजे पिवळा आणि पांढरा, एका गटात, बाकीचे गडद रंग दुसऱ्या गटात, आणि एका गटातलं त्याच गटातल्यावर ठेवायचं नाही. कारण व्यवहारी होतं, धुळीत आणि लढाईत दिसायला हवं. आपल्या तिरंग्यात केशरी आणि हिरवा पांढऱ्याने वेगळे झालेत, म्हणून तो लांबून स्पष्ट दिसतो.

ॲमस्टरडॅमच्या झेंड्यावर लाल-काळ्या पट्ट्यांत तीन फुल्या आहेत. तिथल्या दिव्याच्या खांबांपासून बनियनपर्यंत त्या सगळीकडे दिसतात. शिकागोचा १९१७ चा झेंडा पांढरा, दोन निळे पट्टे तिथल्या पाण्याचे, मधे लाल तारे. लोक तो हातावर गोंदवून घेतात. उलट अमेरिकेतल्याच आयडाहो राज्यातल्या पोकाटेलो गावाचा झेंडा २००४ च्या एका पाहणीत देशातला सगळ्यांत वाईट ठरला. त्यावर चक्क व्यापारी ठशाची खूण आणि घोषवाक्य छापलेलं होतं. गावाने ते मनावर घेतलं आणि २०१७ मध्ये नवा झेंडा स्वीकारला. त्यात गावामागचे डोंगर आहेत आणि नदी आहे. अक्षर एकही नाही.

आता बऱ्हाणपूर. उद्या तिथल्या महापालिकेने झेंडा करायचं ठरवलं तर सभेत पहिली सूचना येईल ती दरवाज्याची. दरवाजा देखणा, ओळखीचा. पण जगात निम्म्या गावांच्या चिन्हांत दरवाजा किंवा बुरूज आहे. हॅम्बुर्गचा तीन बुरुजांचा पांढरा किल्ला त्यांतला नामांकित. शिवाय शनवारा घेतला तर इतवाऱ्याने काय घोडं मारलं होतं, हा प्रश्न सभेत उठणारच. दुसरी सूचना मुमताजमहलची. ती १६३१ च्या जूनमध्ये बऱ्हाणपुरातच गेली आणि काही महिने तिचा देह इथेच तापीपलीकडे होता. पण मुमताज म्हटलं की ताज, आणि ताज आग्र्याला. दुसऱ्या गावाची आठवण करून देणारं चिन्ह कशाला घ्यावं?

जामा मशिदीतला शिलालेख हा खरा मानकरी. राजा अली खान उर्फ आदिलशाह फारुकी याने ती बांधवली. तिथे अरबी लेख तर आहेच, पण संस्कृतही आहे, आणि त्यात विक्रम संवत १६४६, शके १५११ आणि हिजरी सन यांबरोबर तिथी-नक्षत्रंही नोंदली आहेत. मशिदीच्या भिंतीवर पंचांग! पुष्कलावतीच्या नाण्याइतकी अस्सल दोन भाषांची ओळख आहे ही. अडचण एवढीच की लेख झेंड्यावर काढता येत नाही.

माझं मत कुंडी भंडाऱ्याला. अब्दुर्रहीम खानखानानच्या सुभेदारीत, १६१५ मध्ये, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत धरून उताराने शहरात आणलं. काम इराणी तंत्रज्ञाचं, तिकडच्या कनातीच्या, म्हणजे भुयारी कालव्याच्या, धर्तीवरचं. बोगद्याला हवा आणि उजेड मिळावा, गाळ काढायला उतरता यावं, म्हणून ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या गोल कुंड्या. एका रांगेत शंभराहून अधिक. वरून पाहिलं तर माळावर नुसते गोलच गोल, आणि पाणी कुठेच दिसत नाही, ते खालून चाललेलं असतं. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचं नाव लागलं. चिन्ह म्हणून याहून सोयीचं काय असणार? वर एका ओळीत चार-पाच गोल, खाली एरणच्या नाण्यावरच्यासारख्या दोन नागमोडी रेघा, तापीच्या. चौथीतलं पोर अर्ध्या मिनिटात काढील. त्यात जिंकणारा नाही, हरणारा नाही, कोणाच्या डोक्यावर नागाची सावली नाही. नगरपालिका ज्यासाठी असते ते पाणी मात्र आहे.

झेंडा तिरंग्याशेजारी लावायचा झाला तर ध्वजसंहितेप्रमाणे तो तिरंग्याहून उंच चालणार नाही आणि त्याच्या उजव्या हाताला चालणार नाही, हे सांभाळलं की झालं. कापडाचा प्रश्न नाही, गावात यंत्रमाग रात्रंदिवस खडखडत असतात. घोडं अडेल ते रंगावर. भगवा म्हटला की एका बाकावरून टाळ्या, हिरवा म्हटला की दुसऱ्यावरून, निळ्यालाही आता मालक आहेत, आणि पिवळा घ्यावा तर कोणीतरी आसफजाहाचा कुलचा उकरून काढणार. आषाढात तापीला येतो तो गढूळ तांबूस रंग आणि त्यावर पांढरे गोल, असं मी सुचवीन. नियमात बसतं, दिसायलाही चांगलं. पण गढूळ पाण्याचा रंग पालिकेच्या झेंड्याला नको, असं पाणीपुरवठा समितीचे सभापतीच म्हणतील आणि विषय पुढच्या सभेवर जाईल.